वार्ता न लागलेल्यांचा धर्म

प्रेताला अग्नी कोणी द्यावा, अस्थिसंचय कोणत्या दिवशी करावा, सुतक कोणाला किती दिवस लागते, याचा बारीकसारीक विचार करून झाल्यावर आपले धर्मनिबंधकार एका अशा प्रश्नाकडे वळतात की ज्याच्यापुढे अग्नी, अस्थी आणि सुतक ही तिन्ही निरुपयोगी ठरावीत. जो मनुष्य देशांतराला गेला, ज्याची वार्ता पुढे कधी लागली नाही, जो मेला असे शपथेवर सांगणारा कोणी नाही आणि जिवंत आहे असे सांगणाराही कोणी नाही, त्याचे घरच्यांनी काय करावयाचे? मूळच्या पैठणच्या आणि पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टाने १६१२ मध्ये पुरा केलेला ‘निर्णयसिंधु’ आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी, म्हणजे लोकांच्या तोंडच्या बाबा पाध्यांनी, १७९० च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’, या ज्या दोन ग्रंथांवर महाराष्ट्रातील याज्ञिकांचा सारा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला, त्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर सविस्तर दिलेले आहे. आणि ते उत्तर शोकात बुडालेल्या घराला जितके उपयोगी, तितकेच मनुष्याच्या मनाचा अभ्यास करणाऱ्यालाही आहे, असे माझे मत आहे.

शास्त्रकार आरंभ करतात तो मुदतीपासून. सामान्य नियम बारा वर्षांचा. परंतु ‘निर्णयसिंधूत’ उद्धृत झालेला एक नियम याहून सूक्ष्म आहे : नाहीसा झालेला मनुष्य उतारवयाचा असेल तर बारा वर्षांनी, मध्यम वयाचा असेल तर पंधरा वर्षांनी आणि पूर्ववयातच गेला असेल तर वीस वर्षांनी त्याची उत्तरक्रिया करावी. ज्याच्या आयुष्याची शिल्लक मोठी, त्याची वाट अधिक काळ पाहावयाची, असा हा हिशेब आहे. आणि तरुणाच्या मरणाचे दुःख अधिक असते म्हणून ते लवकर मिटवावे, असा दयाळू विचार ज्यांच्या मनात येईल त्यांनी हे लक्षात घ्यावे की शास्त्रकारांनी येथे दुःखाची मोजदाद केलेली नसून संभवाची केलेली आहे.

मुदत सरली म्हणजे ज्याला देह नाही त्याला देह द्यावयाचा. कृष्णाजिन पसरून त्यावर पळसाच्या तीनशे साठ देठांची मनुष्याकृती मांडावयाची. मस्तकाला किती, बाहूंना किती, उदराला किती, अशी देठांची वाटणी ठरलेली. मस्तकाच्या जागी नारळ ठेवावयाचा, मग त्या आकृतीला मंत्राग्नी द्यावयाचा आणि तेथून पुढे सुतक धरावयाचे. याला पालाशविधी म्हणतात. देठांची ती संख्या ऐतरेय ब्राह्मणाइतकी जुनी आहे, तेव्हा परदेशी मेलेल्याचे शव न मिळणे ही अडचणही तितकीच जुनी असली पाहिजे. येथवर सर्व काही अपेक्षेप्रमाणे आहे. आशा संपली, निराशेवर शिक्कामोर्तब झाले, वारसांची वाटणी मोकळी झाली, स्त्रीने सौभाग्यचिन्हे उतरविली, असे समजून आपण पान उलटतो, तो पुढेच एक वचन येते : आणि तो जर परत आला तर?

तर त्याला तुपाच्या कुंभात बुडवावे, वर काढावे, स्नान घालावे आणि नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाप्रमाणे त्याचे जातकर्मापासूनचे सर्व संस्कार पुन्हा करावेत. त्याने ठरलेले दिवस व्रतस्थ राहावे आणि मग आपल्याच भार्येशी पुन्हा विवाह लावावा. हे प्रथम वाचताना हसू येते, हे मी नाकारीत नाही. तुपाच्या रांजणातून निथळत बाहेर येणारा चाळिशीचा गृहस्थ, त्याच्या जातकर्माची सिद्धता करणारे उपाध्याय आणि बोहल्यावर दुसऱ्यांदा उभी राहिलेली त्याची जुनी बायको हे दृश्य प्रहसनकाराला आंदण द्यावे असेच आहे. परंतु ज्या शास्त्राने मनुष्याला विधिपूर्वक जाळले, त्याच शास्त्राने त्याच्या परतण्याची तजवीज त्याच प्रकरणात करून ठेवावी, याचा अर्थ इतकाच होतो की लिहिणाऱ्याला घरातल्या माणसांचे मन पुरते ठाऊक होते. पालाशविधी करणारा पुत्र आपला बाप मेला असे मानीत होता, आणि उंबरठ्यावर कोणाचे पाऊल वाजले तर दचकून पाहतही होता. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच मनात घडत होत्या, आणि त्यांपैकी एकही खोटी नव्हती. आशा आणि निराशा या दिवस-रात्रीसारख्या आळीपाळीने येतात असे आपण सहज बोलून जातो. माझ्या समजुतीप्रमाणे त्या एकाच खतावणीतील जमा आणि नावे अशा दोन बाजू असून दोन्हींकडे रोज काहीना काही लिहिले जाते आणि खाते क्वचितच बंद होते. महाराष्ट्राच्या इतिहासात हे जितके स्पष्ट दिसते तितके एरव्ही दिसत नाही असा एक प्रसंग आहे, आणि तो पानिपताचा.

शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, म्हणजे १४ जानेवारी १७६१, या दिवशी कुरुक्षेत्राच्या परिसरात जे घडले त्याचे सैनिकी वर्णन येथे करण्याचे कारण नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांच्या ग्रंथानंतर ते कोणी नव्याने करावे अशी आवश्यकताही थोडीच उरली आहे. आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ही लढाई पुण्यापासून चारशेहून अधिक कोसांवर झाली. लष्कराबरोबर लढवय्यांखेरीज तीर्थयात्रेच्या हेतूने निघालेली कुटुंबे, कारकून, आश्रित, बाजारबुणगे यांचा मोठा समुदाय होता. आणि पराभव एका दुपारी इतका एकदम झाला की कोण पडला, कोण पाडाव झाला आणि कोण रानोमाळ निघून गेला याची याद करणारा कोणी उरला नाही. दक्षिणेतील शेकडो घरांना जी बातमी मिळाली ती मृत्यूची नव्हे, तर नाहीसे होण्याची. नर्मदेपलीकडे भेलशाच्या बाजूस असलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती जे पहिले पत्र पडले ते सावकारी होते, आणि त्यात मोत्यांच्या, मोहरांच्या आणि खुर्द्याच्या सांकेतिक भाषेत नुकसानीचा अंदाज दिलेला होता, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्या पत्राने निराशेचा आकडा सांगितला. नावे मात्र सांगितली नाहीत. नावांच्या जागी पुढे कित्येक महिने उत्तरेकडून वावड्या येत राहिल्या.

नानासाहेबांचे थोरले पुत्र विश्वासराव यांच्याविषयी संशयाला फारशी जागा नव्हती. त्यांचे शव मिळाले, अब्दालीच्या गोटात नेले गेले आणि शुजाउद्दौल्याच्या रदबदलीने त्याला अग्निसंस्कार झाला. लष्कराचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांचे तसे नव्हते. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने पुढे फारसीत जी हकीकत लिहिली तीत एका शिरविरहित धडाची अंगावरील खुणांवरून ओळख पटविली गेल्याचे आणि त्याला अग्नी दिल्याचे सांगितले आहे. चौकशी करणाऱ्या इतिहासकाराला हा पुरावा पुरेसा वाटेल, मलाही तो पुरेसा वाटतो; परंतु ज्याचा मनुष्य गेला आहे त्याला धड आणि शिर यांमधील ते अंतर फार मोठे असते. भाऊंचे वय त्या वेळी तीस वर्षांचे होते.

आता हेही सांगितले पाहिजे की वाट पाहणारे लोक मूर्ख नव्हते. मेला म्हणून ज्यांची आशा सोडावी असे कित्येक लोक खरोखर परत आले. महादजी शिंदे पायावर घाव बसून रणांगणालगत पडले होते. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून बैलावर घातले आणि दक्षिणेस आणले, आणि महादजींनी त्या लंगड्या पायाने पुढे तीस वर्षे उत्तर हिंदुस्थानचे राजकारण चालविले. बाळाजी जनार्दन, म्हणजेच पुढे नाना फडणीस म्हणून प्रसिद्ध झालेला एकोणीस वर्षांचा तरुण, अंगावरील वस्त्रे टाकून, गवतात लपत, पायी चालत त्या धामधुमीतून निसटला. आपल्या त्रोटक आत्मवृत्तात त्याने ही हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याची पत्नी वाचली आणि त्याला पुन्हा भेटली. आई भेटली नाही. सुरजमल जाटाच्या मुलखात निराश्रितांना अन्नवस्त्र मिळत होते, काही लोक यात्रेकरूंच्या वेषाने येत होते, काही मजल दरमजल करीत वर्ष-दोन वर्षांनी येऊन पोहोचत होते. आणि प्रत्येक आलेल्या मनुष्यामागे दहा घरांत पुन्हा दिवा लावून बसण्यास कारण मिळत होते. ज्या काळी एक जासूद चुकला तर सहा महिने बातमी थांबत असे, त्या काळी मौन हा मृत्यूचा पुरावा होऊ शकत नव्हता.

दरबाराची अडचण निराळी. लढाईत पडलेल्या शिलेदाराच्या मुलाबाळांना बालपरवेशी द्यावयाची, सरंजाम मुलाच्या नावे करून द्यावयाचा, जिवंत असेल तर त्याच्या नावे तसाच चालवावयाचा, हे ठरविण्यास मनुष्य मेला की जिवंत आहे याचा निकाल लागावा लागतो. फडावरील कारकुनाला पळसाचे देठ उपयोगी नाहीत. त्याला कलम लिहावयाचे असते. निराशा सर्वांत आधी जमाखर्चात शिरते आणि माजघरात सर्वांत शेवटी, हे त्यामुळेच. नानासाहेबांना ही दोन्ही दालने एकाच वेळी सांभाळता आली नाहीत. ते खचत गेले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

भाऊंची पत्नी पार्वतीबाई लष्कराबरोबर होत्या. त्या निसटून ग्वाल्हेरमार्गे परत आल्या आणि त्यांनी आपले पती मृत झाले हे मान्य केले नाही. कुंकू पुसले नाही, मंगळसूत्र उतरविले नाही, आणि शनिवारवाड्यात त्या सुवासिनी म्हणूनच वावरल्या. कादंबरीकारांना आणि नाटककारांना या गोष्टीत निष्ठेचे काव्य दिसले, आणि ते नाही असे मी म्हणत नाही. परंतु त्या निष्ठेच्या भोवती जो व्यवहार होता तोही पाहिला पाहिजे. नाहीशा झालेल्या नवऱ्याच्या स्त्रीला काही वर्षे वाट पाहून दुसरा पती करण्याची मोकळीक नारद आणि पराशर या स्मृतिकारांनी दिलेली होती. अठराव्या शतकातील पुण्याच्या ब्राह्मणसमाजाने ती वचने बासनात बांधून ठेवलेली होती. म्हणजे पार्वतीबाईंच्या पुढे मार्ग दोनच उरत होते : सौभाग्य किंवा केशवपन. आशा सोडणे याचा अर्थ त्यांच्या बाबतीत मनाने काही मान्य करणे इतकाच नव्हता. केस, वस्त्र, अलंकार, पंगतीतले स्थान आणि सणावारातला अधिकार हे सर्व एका सकाळी सोडून देणे असा होता. अशा स्थितीत मनुष्य आशा धरतो तेव्हा ती किती भाबडी आणि किती विचारपूर्वक असते, हे बाहेरच्याने ठरवू नये. वाड्यातल्या मंडळींनी ते ठरविले नाही, हे त्यांच्या पदरी पुण्य म्हणून नमूद करणे अवश्य आहे. ज्या घराने विश्वासरावांचे सुतक पाळले, त्याच घराने भाऊंच्या पत्नीचे कुंकू बावीस वर्षे मानले.

या घराच्या दुसऱ्या टोकाला गोपिकाबाई होत्या. नानासाहेबांच्या या पत्नीचा थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला, दुसरा माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने गेला आणि तिसरा नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यातच मारला गेला. त्यांना वाट पाहण्यासारखे काहीच उरले नव्हते. त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन कडक व्रतस्थ वृत्तीने राहिल्या, १७८८ पर्यंत जगल्या, आणि निराशेची परिसीमा म्हणून कोणाचे उदाहरण द्यावयाचे झाले तर त्यांचेच द्यावे. आणि तरीही याच बाईंनी आपला नातू सवाई माधवराव याला पहाटे केव्हा उठावे, स्नानसंध्या, लेखनवाचन, कारभाराची माहिती, मोठ्यांशी वागणूक कशी असावी, याचे सविस्तर उपदेशपत्र लिहून पाठविले. ज्याला उद्याची आस्था नाही तो मनुष्य मुलाची दिनचर्या लिहून देत नसतो.

पानिपतानंतर काही वर्षांनी, थोरल्या माधवरावांच्या अमलात, उत्तरेकडे एक मनुष्य आपण सदाशिवरावभाऊ असल्याचे सांगू लागला. त्याला धरून आणले, चौकशी झाली, आणि तो बुंदेलखंडाकडील सुखलाल नावाचा कनोजा ब्राह्मण असल्याचे ठरले. चेहऱ्यामोहऱ्यात साम्य होते असे म्हणतात. माधवराव न्यायात हयगय करणारे नव्हते, पण त्यांनी या तोतयाला देहान्त प्रायश्चित्त न देता कैदेत ठेवले. किल्ल्यांमागून किल्ले फिरत तो शेवटी रत्नागिरीस आला. का ठेवले असेल? चुलती पार्वतीबाई यांच्या मनाचा मुलाहिजा असेल. धोका नाही असे वाटले असेल. मला असेही वाटते की त्या करारी पुरुषाच्या मनातही, निकाल लिहून झाल्यावर, एक कोपरा असा राहिला असावा की ज्याने शेवटची सही करू दिली नाही. हा केवळ तर्क आहे. जनकोजी शिंद्यांच्या नावानेही तोतया निघाला होता, तेव्हा ही लहर एका कुटुंबापुरती नव्हती. ज्या ज्या थोर नावामागे प्रेत सापडले नाही, त्या त्या नावाला कोणीतरी येऊन आपले शरीर देऊ करीत होता.

पुढे काळ बदलला. माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, त्यांचे चुलते राघोबादादा गादीसाठी इंग्रजांच्या गोटात शिरले आणि पुण्याचा कारभार बारभाई म्हणविल्या जाणाऱ्या कारभाऱ्यांच्या हाती आला. हा कारभार कोणाच्या नावाने चालला होता? नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला १७७४ च्या आरंभी पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेवले आणि अजून न जन्मलेल्या, मुलगा की मुलगी हेही ठाऊक नसलेल्या गर्भाच्या नावाने राज्याचे हुकूम सुटू लागले. त्याच वर्षी १८ एप्रिलला सवाई माधवराव जन्मले. एका साम्राज्याचा सारा डोलारा काही महिने केवळ संभवावर उभा होता. आणि गंगाबाईच्या सोबतीला त्या किल्ल्यावर कोण होते? पार्वतीबाई. जिचा पती गेला की नाही याचा निकाल जगाने कधीच दिला होता आणि जिने तो मान्य केला नव्हता, तीच स्त्री न आलेल्या धन्याच्या जन्माची राखण करीत बसली होती. पुरंदरावरील त्या महिन्यांसारखा प्रसंग एखाद्या नाटककाराने रचला असता तर टीकाकारांनी तो कृत्रिम म्हटला असता.

अशा कारभारावर लोकांचा विश्वास कितीसा बसणार? पेशवा पाळण्यात, दादा सुरतेस, कारभाऱ्यांत आपसात हेवेदावे, आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह करून इंग्रजांना तूर्त थोपविलेले. याच सुमारास, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने तोतयाला कैदेतून मोकळे केले आणि त्याच्या नावाने द्वाही फिरविली. पानिपताला त्या जानेवारीत नेमकी पंधरा वर्षे पुरी झाली होती. म्हणजे मध्यम वयाच्या नाहीशा झालेल्या पुरुषाची जी शास्त्रोक्त मुदत, ती सरता सरताच हा मनुष्य बाहेर आला. हा योगायोगच समजला पाहिजे, परांजप्याने ‘निर्णयसिंधु’ पाहून मुहूर्त काढला असेल असे मला सुचवावयाचे नाही. मात्र कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या स्वाधीन झाले, हजारोंचा जमाव गोळा झाला आणि तो बोरघाट चढून वर येईपर्यंत त्याला कोणी अडविले नाही, ही गोष्ट योगायोगाने समजावता येत नाही.

आपल्या इतिहासलेखकांनी याला बहुधा कारस्थान म्हणून बाजूस सारले आहे, आणि कारस्थान तर त्यात होतेच. बारभाईंवर रुष्ट असलेल्यांनी, दादांच्या पक्षपात्यांनी, नुसत्या लुटीच्या आशेने आलेल्यांनी त्याचा आश्रय केला. परंतु कारस्थान करणाऱ्यालासुद्धा लोकांच्या मनात आधीच असलेली वस्तू वापरावी लागते. भाऊ परत यावेत ही इच्छा त्या वेळी नुसती प्रेमाची राहिली नव्हती. भाऊ आले असते तर दादांचा हक्क आपोआप मावळला असता, पाळण्यातल्या पेशव्याला वडीलधारा मिळाला असता, कारभाऱ्यांची भांडणे मिटली असती आणि पानिपताचा डाग निम्मा धुऊन गेला असता. चालू स्थितीविषयीची निराशा जितकी खोल, तितकी या मृत मनुष्याच्या परतण्याची आवश्यकता मोठी. आणि आवश्यकता एका मर्यादेपलीकडे गेली की पुरावा मागण्याचे धैर्य लोकांत राहत नाही. या अर्थाने तोतयाचे बंड हे आशेचे बंड होते, पण तिला बळ मिळाले ते निराशेपासून. नरसिंह चिंतामण केळकरांनी १९१३ मध्ये याच विषयावर नाटक लिहिले तेव्हाही प्रेक्षकांना ते रुचले. हरपलेल्या राज्याच्या परतण्याचे स्वप्न त्या पिढीलाही अपरिचित नव्हते.

बंडाचा शेवट लवकर झाला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी तोतयाच्या फौजेचा मोड केला, तो समुद्राकडे पळाला, कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्यास पाठविले, पुन्हा चौकशी झाली आणि १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. येथे दोन माणसांकडे लक्ष द्यावे. तोतयाची फौज मोडणारे महादजी हे पानिपतावरून लोकांनी हात धुवावेत अशा अवस्थेतून परत आलेले गृहस्थ होते. परतलेल्याचे खरे रूप कसे असते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. आणि ज्यांच्या हुकमतीखाली हा निवाडा झाला त्या नाना फडणिसांची आई पानिपताच्या धामधुमीत नाहीशी झाली होती. नानांना लोक कठोर म्हणत आले आहेत. खोट्या भाऊला शासन करताना त्यांना काय वाटले असेल हे कोणत्याही रुमालात सापडणार नाही. पण नाहीशा झालेल्यांच्या नावाचा बाजार मांडणाऱ्याविषयी त्यांच्या मनात जी चीड असेल ती नुसत्या राजकारणाची नव्हती, असे मानण्यास मला अडचण वाटत नाही.

तोतया मेला, तरी पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. खोटा भाऊ खोटा ठरल्याने खरा भाऊ मेला असे सिद्ध होत नाही, हे तर्कशास्त्र निर्दोष आहे. १७७७ मध्ये गंगाबाई वारली, आणि पोरक्या बाळपेशव्याला वाढविण्यात पार्वतीबाईंचा वाटा मोठा राहिला. १७८३ च्या फेब्रुवारीत सवाई माधवरावांचे लग्न पुण्यास अपूर्व थाटाने झाले. त्याच वर्षी पार्वतीबाई वारल्या. बारा वर्षांची मुदत गेली, पंधरांची गेली, पूर्ववयासाठी सांगितलेली वीस वर्षांचीही दोन वर्षांपूर्वी उलटली होती. इतका काळ त्या वेडात होत्या असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की याच काळात त्यांनी एका राजघराण्यातील दोन पिढ्यांची उस्तवारी केली, पुरंदरची कैदेसारखी सोबत पत्करली आणि घरातील मृत्यूंमागून मृत्यू पाहिले. ज्या गोष्टींत भ्रम चालत नाही त्या त्यांनी भ्रमाशिवाय केल्या. एका कोपऱ्यात मात्र त्यांनी निकाल राखून ठेवला होता.

उत्तरेतही हा निकाल राखूनच ठेवला गेला. रोहतक जिल्ह्यात सांघी या गावी भाऊ साधुवेषाने येऊन राहिले अशी परंपरा सांगितली जाते. बलुचिस्तानातील बुगटी मुलखात पानिपताच्या युद्धकैद्यांचे वंशज म्हणवणारे मराठे आहेत. पुरावा म्हणून या परंपरांचे मोल थोडे. परंतु दक्षिणेने ज्यांची वाट पाहिली, त्यांना उत्तरेने आपल्यापरीने ठेवून घेतले, एवढे त्यांतून दिसते.

इंग्रजी अमलात या प्रश्नाला वेगळे वळण लागले. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १०८ व्या कलमाने सात वर्षांची मुदत घातली : ज्यांना एरव्ही वार्ता लागली असती अशा माणसांना सात वर्षे एखाद्याची वार्ता लागली नाही, तर तो जिवंत आहे असे म्हणणाराने ते सिद्ध करावे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सात वर्षे जोडीदाराची वार्ता न लागणे हे घटस्फोटाचे कारण मानले, आणि २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमानेही तीच मुदत कायम ठेवली. हे नियम सुटसुटीत आहेत, आणि त्यांनी अनेक स्त्रियांची बारा-बारा वर्षांच्या कुचंबणेतून सुटका केली, याबद्दल दुमत होऊ नये. न्यायालय मृत्यूचे अनुमान करते, पण तो कोणत्या दिवशी झाला हे सांगत नाही. ते सांगण्याची जबाबदारी दावा करणारावर राहते. परतून येणाऱ्याला मात्र आजचा कायदा पुन्हा जन्म देत नाही. त्याला कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून आपण जिवंत असल्याचे कागद गोळा करावे लागतात. या एका बाबतीत बाबा पाध्यांचा तुपाचा कुंभ अधिक सोयीचा होता, असे म्हटले तर वकीलमंडळींनी रागावू नये.

आता वाचकांना एक विनंती. श्राद्धाच्या व्यवहारात मृताची तिथी माहीत नसेल तर पितृपक्षात सर्वपित्री अमावास्येला त्याच्या नावे पिंड देतात. जो शस्त्राने मेला त्याचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला, म्हणजे घायाळ चतुर्दशीला करतात. ज्यांचे पूर्वज पानिपतावर गेले आणि परतले नाहीत, अशा घराण्यांनी त्यांना कोणत्या तिथीला पाणी दिले, चतुर्दशीला, अमावास्येला की पौष शुद्ध अष्टमीला, यावरून त्या घराने आपल्या मनुष्याला मेलेला मानले की नाहीसा झालेला, हे समजू शकते. बखरी आणि दप्तरे यांतून हे कळत नाही. ते उपाध्यायांच्या टाचणवह्यांत, कुळाचाराच्या यादीत आणि घरातील वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात असते. ज्यांच्या घरी असा काही आचार चालत असेल किंवा पूर्वी चालत असल्याचे ऐकिवात असेल, त्यांनी तो तिथी, नाव आणि गाव यांसह लिहून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा आपल्या जिल्ह्यातील एखाद्या संशोधन संस्थेकडे द्यावा, आणि तो लिहिण्याआधी घरातील सर्वांत वडील मनुष्याला एकदा विचारून घ्यावा.